गाडी का अडखळते?



आज मी तुमच्याशी एका दुखण्याविषयी बोलणार आहे. दुखणे माणसाचे नाही, गुराढोरांचेही नाही. ते आहे गाडीचे. गाडी चालता चालता मध्येच झटके देते. सपाटीला बरी पळते आणि चढाला मान टाकते. उभी असताना थरथरते, पाय दाबला तरी वेग घेत नाही. आपल्याकडे या सगळ्याला एकच शब्द आहे, 'गाडी मिसिंग मारते.' पोट दुखते म्हटले की त्यामागे जशी दहा कारणे असू शकतात, तसेच या शब्दाचे आहे. आणि पोटदुखीवर शेजारीपाजारी जसे डोळे मिटून ओवा सुचवतात, तसे इथेही कोणी म्हणतो प्लग बदला, कोणी म्हणतो फिल्टर बदला, तिसरा सांगतो पंपच गेला. पुष्कळदा पैसे जातात आणि दुखणे तसेच राहते.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा विषय बरीच वर्षे शिकवला. म्हणून गाव मला मास्तर म्हणते. पण दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी स्वतःची एक चूक सांगणे बरे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आमचा भाग सातारा जिल्ह्यातला, डोंगरी. गावापासून तालुका बावीस किलोमीटर, आणि मध्ये घाट. एस. टी. दिवसातून दोनदा. त्यामुळे बाजाराला, दवाखान्याला, परीक्षेला जायचे तर गावातल्या आबांची वडापची डिझेल जीप हाच आधार. २००७ सालच्या दिवाळीनंतर ही जीप बिघडली. गावातून निघताना ठणठणीत असे. घाट निम्मा चढला की झटके देऊ लागे, मग दम तुटल्यासारखी मंद होई आणि बंद पडे. दहा-पंधरा मिनिटे तशीच उभी ठेवली, की पुन्हा चालू होऊन मुकाट्याने घाट चढून जाई. मेकॅनिकच्या दारात नेली तर एकही झटका नाही!

आबा माझ्याकडे आले. म्हणाले, "मास्तर, तुमी पोरास्नी शिकिवता, जरा बगा की." मी बोनेट उघडले, इंजिन सुरू करायला लावले, पाच मिनिटे कान दिला आणि मोठ्या डॉक्टरच्या रुबाबात सांगितले, "डिझेल कमी पडतंय. फिल्टर बदला." फिल्टर बदलला. दोन दिवस गाडी छान चालली, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग नोझल काढून तपासून आणले. पुन्हा दोन दिवस बरे, पुन्हा तेच. शेवटी मी म्हटले, "आबा, पंपाचंच काम निघणार." पंप उतरवला, कराडला पाठवून दुरुस्त करून आणला. सारे मिळून सतरा हजार रुपये गेले. त्यासाठी आबांनी दुभती म्हैस विकली. आणि पंप बसवल्यावर चौथ्या दिवशी गाडी घाटातल्या त्याच वळणावर उभी राहिली.

आता या जीपला काय झाले होते, ते मी शेवटी सांगेन. तोवर तुम्हीही मनाशी विचार करा. घरात जाणती मुले असतील तर त्यांनाही विचार करू द्या. लागणारी सगळी माहिती मी आतापर्यंत दिलेली नाही, कारण ती मी स्वतःच तेव्हा विचारली नव्हती. चूक तिथेच होती.

इंजिनाच्या पोटात काय चालते ते आधी थोडक्यात पाहू. आपली चूलच डोळ्यांपुढे आणा. चूल पेटायला लाकूड हवे, वारा हवा आणि काडी हवी. लाकूड ओले असेल तर धूर होतो, वारा कोंडला तर धूर होतो, काडीच पेटली नाही तर काहीच होत नाही. इंजिनाचा प्रत्येक सिलिंडर म्हणजे अशी एक बंदिस्त चूल. तिला इंधन हवे, हवा हवी, ठिणगी हवी. शिवाय चौथी गोष्ट हवी, ती म्हणजे दाब. आत घेतलेली हवा दट्ट्याने घट्ट दाबली गेली पाहिजे, तरच तिच्या भडक्यात जोर येतो. आणि या चारही गोष्टी नेमक्या वेळेला जमून याव्या लागतात.

ही वेळ किती बारीक असते पाहा. इंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल, तर एका सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एक भडका, म्हणजे मिनिटाला १,२०० आणि सेकंदाला २० भडके होतात. चार सिलिंडरांचे मिळून सेकंदाला ८०. ते सारख्या अंतराने होतात म्हणून आपल्याला ठोके वेगळे ऐकू येत नाहीत, एकसंध घरघर ऐकू येते. आपल्या आया-आज्या जात्यावर दळत तेव्हा नुसत्या आवाजावरून ओळखत, की घास कमी पडला, जाते रिकामे फिरते आहे. गाडीचेही तेच. चारांतला एक सिलिंडर काम करीनासा झाला, की सेकंदाला ८० ऐवजी ६० भडके होतात आणि चौथ्याच्या जागी पोकळी येते. तीच आपल्याला झटका म्हणून जाणवते.

तर गाडी अडखळते म्हणजे इंधन, हवा, ठिणगी, दाब आणि वेळ या पाचांपैकी कशात तरी उणे पडले आहे. पण थांबा. हे म्हणण्याआधीही एक प्रश्न विचारायला हवा आणि तोच बहुतेक लोक विसरतात. दुखणे इंजिनाचे आहे की चाकांचे?

याची परीक्षा अगदी सोपी आहे. सरळ, सपाट, मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे वाहन नसताना, ज्या वेगाला थरथर होते त्या वेगाला गाडी न्या. मग क्लच दाबून पाय ॲक्सिलरेटरवरून काढा. गाडी आपल्या वेगाने पुढे जाते आहे, इंजिन मात्र सुटे झाले आहे. थरथर तशीच राहिली, तर इंजिनावर आळ घेऊ नका. दोष चाकांत, टायरमध्ये किंवा मागच्या चाकांना जोर पोचवणाऱ्या दांड्यात आहे. थरथर तिथल्या तिथे थांबली, तर इंजिनाकडे वळा. एक खबरदारी मात्र घ्या. ही परीक्षा करताना किल्ली कधीही बंद करू नये. इंजिन बंद झाले की ब्रेक जड होतो, सुकाणू जड होते आणि ते कुलूपबंदही होऊ शकते.

पावसाळ्यात हे विशेष ध्यानात ठेवावे. आपल्या काळ्या मातीचा चिखल चाकाच्या आतल्या बाजूला बसतो आणि वाळून दगडासारखा होतो. चाकाला एका अंगाला थोडे वजन चढले, तरी गाडी सत्तर-ऐंशीच्या वेगाला थरथर कापू लागते. गावाकडच्या पाणंदीतून बाहेर पडून डांबरी रस्त्याला लागलेला माणूस घाबरून मेकॅनिककडे जातो, आणि बादलीभर पाण्याने व खरवडायच्या काटकीने काम भागते. चाक धुऊनही थरथर राहिली तर चाकांचे बॅलन्सिंग करून घ्यावे आणि टायरला फुगा आला आहे का ते हात फिरवून पाहावे. फुगा असेल तर त्या टायरवर लांबचा पल्ला मारू नये. थरथर फक्त ब्रेक दाबतानाच होत असेल तर ब्रेकची चकती किंवा ड्रम पाहावा. पहिला गिअर टाकून निघतानाच गाडी हिसके देत असेल तर क्लच प्लेट आणि इंजिनाचे माउंटिंग पाहावे.

आता समजा, दोष इंजिनाचाच आहे असे ठरले. तरी बोनेट उघडू नका. चांगला वैद्य नाडी धरण्याआधी विचारतो, कधीपासून दुखते, केव्हा दुखते, काय खाल्ल्यावर दुखते? तेच प्रश्न गाडीला विचारायचे.

पहिला प्रश्न : थंड असताना की तापल्यावर? सकाळी पहिली पाच मिनिटे कुरकुरते आणि मग सुधारते, अशा गाडीत थंडपणी लागणारे जादा इंधन नीट मिळत नाही, असा संशय घ्यावा; डिझेल गाडीत हवा तापवणारे ग्लो प्लग पाहावेत. उलट, सकाळी चांगली आणि तापल्यावर वाईट, असे असेल तर तापून दगा देणारी वस्तू शोधावी. इग्निशन कॉइलचे असे पुष्कळदा होते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत भर उन्हाळ्यात पेट्रोलची नळीतच वाफ होऊन वाट अडे आणि ड्रायव्हर पंपावर ओले फडके टाकून बसे, ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना आठवेल.

दुसरा प्रश्न : उभी असताना की ओझ्याखाली? उभी असताना थरथरते पण वेग घेतला की सुधारते, असे असेल तर ती बहुधा कुठून तरी हवा चोरते. एअर फिल्टरच्या पुढच्या रबरी नळीला चीर गेली की न मोजलेली हवा आत शिरते. मंद चालताना तिचा परिणाम मोठा, वेगात कमी. उलट, सपाटीला चांगली आणि चढाला किंवा भरल्या गाडीला झटके देणारी असेल, तर ठिणगी अशक्त आहे किंवा इंधन पुरत नाही. ठिणगी चढालाच का हरते? पाय जोरात दाबला की सिलिंडरमध्ये जास्त हवा भरते, दाब वाढतो, आणि दाटलेल्या हवेतून ठिणगीला उडी मारणे अवघड होते. म्हणून झिजलेला प्लग सपाटीला निभावून नेतो आणि घाटात उघडा पडतो.

तिसरा प्रश्न : पावसात की कोरड्यात? फक्त पावसाळी हवेत अडखळणाऱ्या पेट्रोल गाडीत विजेची गळती शोधावी. जुन्या गाडीत ही परीक्षा रात्री करता येते. अंधारात बोनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, लांबूनच पाहावे. प्लगच्या वायरला तडा गेला असेल तर निळसर ठिणग्या बाहेर उडताना दिसतात. हात मात्र लावू नये. ती वीज वीस-तीस हजार व्होल्टची असते.

चौथा प्रश्न : नुकतेच काय बदलले? इंधन भरल्यानंतर लगेच सुरू झालेले दुखणे इंधनातलेच असण्याचा संभव मोठा. आता आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते. टाकीत पाणी फार शिरले तर पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. आणि पंप तर तळातूनच ओढतो. म्हणून महिनोन्‌महिने एका जागी उभ्या राहणाऱ्या गाडीत जुने इंधन साठवून ठेवू नये, आणि टाकीचे झाकण नीट बसते की नाही ते पाहावे.

सुगीच्या दिवसांत गाडी खळ्याजवळ किंवा धान्याच्या कोठीजवळ लावली असेल तर आणखी एक संशयित असतो. तो म्हणजे उंदीर. गरम बोनेटखाली तो घर करतो, वायरी कुरतडतो, एअर फिल्टरच्या डब्यात भुसा भरून ठेवतो. मोठमोठी यंत्रे लावून जे सापडत नाही ते कधी कधी चार लेंड्यांवरून सापडते. म्हणून बोनेट उघडल्यावर पहिले काम पान्याचे नाही, डोळ्यांचे. निसटलेली नळी, कुरतडलेली वायर, सैल क्लिप, बॅटरीच्या टोकांवर साचलेली पांढरी बुरशी, हे सारे नुसते पाहून कळते आणि त्याला पैसा लागत नाही.

आता पेट्रोल गाडीची एक बिनखर्चाची परीक्षा सांगतो. मी तिला अदलाबदलीची परीक्षा म्हणतो. समजा, तिसरा सिलिंडर काम करीत नाही असे कळले. नवा प्लग आणायची घाई करू नका. इंजिन बंद करून गार होऊ द्या आणि तिसऱ्याचा प्लग पहिल्याला, पहिल्याचा तिसऱ्याला लावा. आता पहिला सिलिंडर अडखळू लागला, तर दोष त्या प्लगबरोबर गेला, प्लगच वाईट. दोष तिसऱ्यातच राहिला, तर प्लग निर्दोष सुटला. मग तसेच कॉइलचे करा. दोन्ही निर्दोष निघाले तर इंजेक्टर आणि दाब यांच्याकडे वळा. प्लग काढलाच आहे तर त्याचा रंगही पाहून घ्या. फिकट तपकिरी असेल तर प्रकृती चांगली. कोरडी काजळी असेल तर इंधन जास्त होते किंवा ठिणगी कमी पडते. तेलकट ओला असेल तर इंजिनातले तेल वर चढते आहे. पांढराफटक असेल तर इंधन कमी पडून प्लग फार तापतो आहे. वैद्य जीभ पाहतो, तसाच हा प्रकार.

डिझेल गाडीत ठिणगीच नसते. हवा इतकी दाबतात की ती आपणच लालबुंद निखाऱ्यासारखी तापते आणि डिझेल शिंपडताच पेट घेते. त्यामुळे डिझेल गाडी अडखळली की बहुधा इंधनाची वाट तपासावी लागते. फिल्टर चोंदला आहे का? फिल्टरच्या तळाशी पाणी साठले आहे का? एखाद्या कुजक्या नळीतून हवा आत शिरते आहे का? इथे एक गंमत ध्यानात घ्या. टाकीपासून पंपापर्यंतची नळी डिझेल ओढून घेते. तिला बारीक चीर असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. बाहेर ओल दिसत नाही म्हणून माणूस फसतो. डिझेलच्या गाडीत धूरही बोलतो. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. निळसर म्हणजे तेल जळते. तापलेल्या इंजिनाचा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल किंवा आत शिरलेले पाणी.

इथे एक कळकळीची सूचना. जुन्या डिझेल इंजिनावर आमचे मिस्त्री नोझलच्या नळीचा नट किंचित सैल करून कोणता सिलिंडर काम करीत नाही ते शोधत. नव्या कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनावर हे चुकूनही करू नका. तिथल्या नळीतला दाब बाहेरच्या हवेच्या हजारपटीहूनही अधिक असतो. डिझेलची सुईसारखी धार कातडी फोडून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट किंवा हात गमवायची पाळी येते. असे झालेच तर तिथे मलम लावून बसू नये; ताबडतोब मोठे रुग्णालय गाठावे.

नव्या गाड्यांविषयी आणखी थोडे. या गाड्यांत एक छोटा संगणक इंजिनावर नजर ठेवतो. काही बिघडले की समोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. दिवा नुसता लागलेला असेल तर गाडी हळू चालवत दुरुस्तीला न्यावी. पण तो लुकलुकू लागला, तर गाडी बाजूला घेऊन थांबणेच शहाणपणाचे. कारण न पेटलेले पेट्रोल तसेच सायलेन्सरच्या वाटेने जाते, धूर शुद्ध करणाऱ्या भट्टीत जाऊन पेटते आणि ती भट्टी आतून वितळते. मग काही शे रुपयांच्या प्लगचे काम हजारो रुपयांवर जाते.

सुकाणूच्या खाली एक खाच असते. तिला यंत्र जोडले की संगणक आपली तक्रार खुणेच्या आकड्यांत सांगतो. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर चुकतो, पी ०३०२ म्हणजे दुसरा, आणि पी ०३०० म्हणजे एकच एक नाही, निरनिराळे चुकतात. पाहा, हीच विभागणी किती कामाची आहे! एकच सिलिंडर चुकत असेल तर त्या एकट्याच्या मालकीच्या वस्तू तपासायच्या : त्याचा प्लग, त्याची कॉइल, त्याचा इंजेक्टर, त्याचा दाब. सगळेच आळीपाळीने चुकत असतील तर सगळ्यांच्या सामाईक वस्तू तपासायच्या : टाकी, पंप, फिल्टर, हवेची वाट. एका घरात दिवा नाही तर त्या घराचा फ्यूज पाहायचा, गावात दिवे नाहीत तर डीपी पाहायची, तसेच हे. पण आकडा म्हणजे निकाल नव्हे. आकडा म्हणजे फिर्याद. तिसरा सिलिंडर चुकतो एवढेच तो सांगतो. का चुकतो, ते माणसालाच शोधावे लागते. आकडा वाचून लगेच नवा भाग बसवणारा आणि बोनेट न उघडता पंप बदला म्हणणारा, दोघे एकाच माळेचे मणी.

आणि आता त्या माळेतल्या तिसऱ्या मण्याकडे, म्हणजे माझ्याकडे, येतो.

२००८ सालचा मार्च महिना. दहावीचा पहिला पेपर. गावातली नऊ मुले आबांच्या जीपमध्ये बसली होती. आबांचा मुलगा गाडी चालवत होता. माझी पुतणीही परीक्षेला होती, म्हणून मी बरोबर होतो. पेपर अकराला. साडेनऊला घाट लागला आणि त्याच वळणावर गाडीने झटके दिले, दम टाकला आणि ती उभी राहिली. मुले खाली उतरली. दोघीतिघींच्या डोळ्यांत पाणी आले. मी पुन्हा बोनेट उघडले आणि पुन्हा पंपाकडे पाहत उभा राहिलो.

पुतणी जवळ येऊन म्हणाली, "काका, गाडी घाटातच का बंद पडते? घरी का नाही पडत?"

मी चिडलो. म्हटले, "तू तुझं पुस्तक वाच."

ती गाडीच्या बाजूने परत गेली आणि तिथूनच ओरडली, "काका, हे टाकीचं रबर आत का गेलंय?"

मी जाऊन पाहिले. टाकीच्या तोंडावर झाकण नव्हते. जुन्या ट्यूबचा तुकडा ताणून, तारेने करकचून बांधला होता, आणि तो वाटीसारखा आत ओढला गेला होता. मी तार सैल केली. सूंऽऽ करून हवा आत शिरली. आबांच्या मुलाला म्हटले, "मार सेल्फ." गाडी पहिल्या झटक्याला चालू झाली आणि एकदाही न अडखळता घाट चढून गेली. सव्वादहाला मुले केंद्रावर होती.

परत येताना मी त्याला विचारले, "हे रबर कधी बांधलंस?"

"दिवाळीत टाकीचं झाकण गेलं, तवा. डिझेल चोरीला जाऊ नी म्हनून घट्ट बांधलं."

"आणि गाडी कधीपासून बिघडली?"

तो क्षणभर गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "दिवाळीपास्नंच की."

श्रोते हो, गोडेतेलाच्या डब्याला आपण दोन भोके पाडतो. एकातून तेल येते, दुसऱ्यातून हवा जाते. हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. टाकीच्या झाकणाला याचसाठी श्वास घ्यायची वाट ठेवलेली असते. ट्यूबने ती वाट बुजवली. डिझेल जसजसे कमी होई तसतशी टाकीत पोकळी होई आणि डिझेल मागे धरून ठेवी. सपाटीला थोडके डिझेल लागते, तेवढे मिळे. चढाला जास्त लागते, तिथे गाडी उपाशी पडे. दहा-पंधरा मिनिटे थांबले की रबराच्या कडेने हळूहळू हवा आत झिरपे आणि गाडी पुन्हा चाले.

मग प्रत्येक दुरुस्तीनंतर दोन दिवस गाडी बरी का चालत होती? दुरुस्तीच्या वेळी मेकॅनिक टाकी उघडून पाही आणि ट्यूबचा तुकडा नुसता अडकवून ठेवी. दोन-तीन दिवसांनी डिझेल भरताना आबांचा मुलगा तो पुन्हा करकचून बांधी. आम्हाला वाटे, फिल्टरने गुण आला, नोझलने गुण आला. औषध घेतल्यावर बरे वाटले म्हणजे औषधानेच बरे वाटले असे होत नाही. मी हे वर्गात शिकवत होतो, आणि आबांच्या अंगणात विसरलो होतो. कधीपासून, आणि त्याच्या आधी काय झाले, हे दोन प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारले असते तर सतरा हजार रुपये वाचले असते.

नवे झाकण शंभर रुपयांच्या आत आले. मी आबांकडे गेलो, झाले ते सगळे सांगितले आणि थोडे पैसे पुढे केले. त्यांनी ते घेतले नाहीत. म्हणाले, "म्हस गेली ती गेली, मास्तर. पोरं येळेवर पोचली." ते असे बोलले म्हणून मला बरे वाटले नाही, उलट जास्त लागले.

तेव्हापासून मी माझ्या वर्गाचा पहिला धडा बदलला. मुलांच्या हातात पहिल्या दिवशी पाना देत नाही, कागद देत असे. त्यावर पाच प्रश्न : कधीपासून? केव्हा होते? केव्हा होत नाही? त्याआधी काय बदलले? आणि आतापर्यंत काय करून पाहिले? ही उत्तरे लिहिल्याशिवाय बोनेटला हात लावायचा नाही. आणि हात लावल्यावर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गुण आला, तर कशाने आला ते कळत नाही. पुढच्या वेळी दोन्हींचे पैसे पुन्हा द्यावे लागतात.

गाडीवाल्यांना माझे सांगणे आहे, की गाडीत एक चाळीस पानी वही ठेवा. इंधन कधी भरले, काय बदलले, दुखणे कोणत्या तारखेला, कुठे आणि किती किलोमीटरवर दिसले, ते लिहीत जा. मेकॅनिकला 'मिसिंग मारते' एवढेच सांगू नका; 'तापल्यावर, तिसऱ्या गिअरला, चढालाच मारते' असे सांगा. शहाणा मेकॅनिक तुमचे उपकार मानेल. बदललेला जुना भाग परत मागून घ्या आणि तो का बदलला ते समजून घ्या. विचारण्यात अपमान नाही.

आणि शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडून मुलांना दाखवा आणि त्याच तासाला आबांच्या जीपची गोष्ट निम्मी सांगून थांबा. उत्तर मुलांना शोधू द्या. त्यांना प्रश्न विचारू द्या, आणि विचारतील त्या प्रश्नांची उत्तरे देत जा. एखादी मुलगी 'घरी का नाही पडत?' असे विचारील, तेव्हा तिला पुस्तक वाचायला पाठवू नका. घाटात चार महिने जे मला दिसले नाही ते एका मुलीला दिसले, कारण तिला उत्तर आधीपासून ठाऊक नव्हते.

गाडी अडखळली तर जरा थांबा. आधी तिला विचारा, मग पान्याला हात घाला. तुमचा प्रवास सुखाचा होवो.